चिखलीच्या शिवारातली बाटलीची भुतं

३१ ऑक्टोबरच्या रात्री अमेरिकेत हॅलोविन असतो. दुधाचे रिकामे प्लास्टिकचे कॅन धुऊन, त्यांवर काळ्या रंगानं डोळे-तोंड काढून, आत दिवा सोडून ती पांढरी भुतं अंगणात ओळीनं मांडायची पद्धत तिथं आहे. नेमक्या त्याच दिवसांत जालना–खामगाव रस्त्यावरच्या चिखलीच्या आसपास सोयाबीनची सोंगणी उरकत आलेली असते, तूर फुलोऱ्यात असते, हरभऱ्याची पेरणी चालू असते. इथल्या शेतांतही रिकाम्या डब्यांना डोळे फुटतात. फरक एवढाच की इथल्या भुतांना राखणीचं काम असतं.

पूर्वी बुजगावण्याचं डोकं म्हणजे पालथं मडकं. त्यावर चुन्याचे ठिपके, खाली आडवी काठी आणि तिच्यावर घरातला विरलेला सदरा. आता मडक्याच्या जागी तेलाचा पाच लिटरचा कॅन आलेला दिसतो. तो फुटत नाही, पावसात विरघळत नाही आणि आडवा धरला तर त्याच्या कडीचं आयतं नाक होतं. पण माणसाचं हे सोंग पाखरांपेक्षा माणसांनाच जास्त पटतं. जागचं न हलणारं बुजगावणं पाखरं थोड्याच दिवसांत ओळखतात, आणि मग कावळा खुशाल त्याच्या खांद्यावर बसतो. पाखराला भिववते ती हालचाल, अचानक झालेला आवाज आणि डोळ्यांवर येणारी चमक. म्हणून या सगळ्या कारागिरीत मला खरं नवल वाटतं ते कॅनच्या मुंडक्याचं नाही, शेजारच्या काठीवर फिरणाऱ्या पाण्याच्या बाटलीचं.

ती करायला फार काही लागत नाही. बाटलीच्या अंगावर वरून खाली तीन-चार उभे काप द्यायचे. बुडाकडची तीन बोटं आणि गळ्याकडचा भाग अखंड ठेवायचा. प्रत्येक कापाशेजारची पट्टी एकाच दिशेनं बाहेर वळवली की पाती तयार. तापवलेल्या खिळ्यानं बुडाला आणि झाकणाला भोक पाडून त्यातून जाड तार ओवायची, खाली टेकायला एक मणी घालायचा आणि तार बांबूच्या टोकाला उभी बांधायची. आत चार चिंचोके टाकले तर झुळूक कमी-जास्त होताना ते खुळखुळतात. वारा कोणत्याही बाजूनं येवो, बाटली फिरतेच. एका बाजूच्या पातीची पोकळी वारा धरते, दुसऱ्या बाजूच्या पातीच्या पाठीवरून तो निसटतो. या दोन ओढींतल्या फरकावर ती गरगरते.

हेच तत्त्व वापरून रॉबिन्सन या खगोलशास्त्रज्ञानं १८४६ मध्ये आयर्लंडमध्ये चार वाट्यांचं वायुवेगमापक यंत्र बनवलं. हवामान केंद्रांच्या छपरांवर फिरणाऱ्या वाट्या त्याच घराण्यातल्या. सलगम कोरून त्यात दिवा ठेवायची हॅलोविनची चालही आयर्लंडचीच. तिथून अमेरिकेला गेलेल्या लोकांनी सलगमऐवजी भोपळा घेतला.

आपल्या बाटलीचं कूळही ऐकण्यासारखं आहे. शीतपेयाचा दाब सोसणाऱ्या पेट प्लास्टिकच्या बाटलीचं पेटंट १९७३ मध्ये नॅथॅनिएल वायथ या अमेरिकन अभियंत्याला मिळालं. त्याचा धाकटा भाऊ अँड्र्यू वायथ हा नामवंत चित्रकार. अँड्र्यूचा मुलगा जेमी यानं आधीच्याच वर्षी स्वतःचं चित्र काढलं होतं आणि डोक्याच्या जागी कोरलेला भोपळा रंगवला होता. काकानं बाटली दिली, पुतण्यानं स्वतःलाच बुजगावणं करून दाखवलं!

या बाटलीची मर्यादाही सांगायला हवी. पावसाळी वारे सरले की ऑक्टोबरात हवा पडते, आणि सूर्य मावळल्यावर जमिनीलगतचा वारा आणखी मंदावतो. रानडुकरं येतात ती नेमकी रात्रीच. त्यांची नजर अधू असते, नाक आणि कान मात्र तीक्ष्ण. मुकी बाटली आणि सदरा घातलेला कॅन त्यांच्या लेखी नसल्यासारखाच. रोही चांगलं पाहू शकतो, पण तोही सरावतो. म्हणून जागल संपलेली नाही, आणि ज्याला परवडतं तो सौर झटका मशीन लावतो. दिवसा चोच मारणाऱ्या पाखरांसाठी मात्र बाटली पुरेशी उपयोगी आहे, अट एवढीच की दर चार-पाच दिवसांनी तिची जागा बदलायची. रात्रीसाठी अमेरिकन अंगणातली युक्ती करून पाहण्याजोगी आहे: दुधी प्लास्टिकचा कॅन प्रकाश सगळीकडे पसरवतो, त्यामुळे आत ठेवलेला लुकलुकणारा छोटा सौर दिवा लांबून मोठा दिसतो. त्याचीही जागा बदलावी लागेलच.

एक गोष्ट मला कळकळीनं सांगायची आहे. शेतात सर्वांत सहज हाताशी येणारा डबा कीटकनाशकाचा असतो, आणि तो या कामाला घ्यायचा नाही. अशा बाटलीच्या भिंतीत औषधाचा अंश मुरून राहतो. विसळून तो पूर्ण जात नाही, आणि बाटल्या कापायला, रंगवायला बसतात ती बहुधा घरातली पोरं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेही आपल्याच वऱ्हाडातले. औषधाची रिकामी बाटली तीनदा धुऊन ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावं, बाटलीला भोकं पाडून ती पुन्हा वापरता येणार नाही अशी करावी आणि घरापासून, विहिरीपासून दूर ठेवावी. भुतासाठी तेलाचा कॅन आणि पाण्याची बाटलीच बरी.

वऱ्हाडी उन्हात प्लास्टिक फार काळ टिकत नाही. पाती पिवळट पडतात, मग चिरा जातात आणि बोटानं दाबलं तरी तुकडा पडतो. हे तुकडे मातीत मिसळले की वेचून निघत नाहीत. म्हणून हरभरा निघाला की बाटल्या तारेवरून उतरवून, अजून धड आहेत तोवरच भंगारवाल्याला द्याव्यात, आणि देताना पाण्याच्या बाटल्या एका पोत्यात, तेलाचे कॅन दुसऱ्यात भरावेत. दोन्हींचं प्लास्टिक वेगळं असतं आणि ते एकत्र वितळवता येत नाही.