राज्य बदलले, परवान्याचे काय?

अमेरिकेत घरातल्या बुरशीची तपासणी आणि सफाई करणाऱ्यांसाठी देशपातळीवरचा परवाना नाही. टेक्सास, फ्लोरिडा, न्यूयॉर्क, लुइझियाना यांसारख्या मोजक्या राज्यांनी आपापले कायदे केले. कॅलिफोर्नियासह अनेक राज्यांत असा वेगळा परवानाच नाही. त्यामुळे एका राज्याचा परवाना दुसरीकडे आपोआप चालत नाही.

नियमांत फरक किती, ते पाहा. न्हाणीघराच्या भिंतीवर तीन फूट रुंद आणि पाच फूट उंच असा सलग पट्टा बुरशीने धरला आहे. म्हणजे 15 चौरस फूट. टेक्सासमध्ये सलग 25 चौरस फुटांच्या आत बुरशी असेल तर ती काढायला परवाना लागत नाही. फ्लोरिडात मात्र 10 चौरस फुटांच्या वर गेले की परवाना हवा. भिंत तशीच, डागही तेवढाच, पण कायदा बदलला.

आता टेक्सासचा तपासनीस फ्लोरिडात स्थायिक होतोय असे समजू. त्याला तिथल्या व्यवसाय नियमन विभागाकडे नव्याने अर्ज करावा लागतो. मात्र मूळ राज्याच्या परवान्याच्या अटी फ्लोरिडाच्या अटींशी बहुतांशी जुळत असतील, तर त्या परवान्याच्या आधारे फ्लोरिडाचा परवाना मिळू शकतो. म्हणून निघण्यापूर्वी जुना परवाना चालू ठेवावा आणि प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे, परीक्षेचा निकाल व अनुभवाचे दाखले गोळा करावेत. विमाही तपासावा: फ्लोरिडात किमान 10 लाख डॉलरचे संरक्षण बंधनकारक आहे. न्यूयॉर्कला जायचे असेल, तर 1 जानेवारी 2016 पासून तिथे राज्यमान्य अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो.

कामाच्या पद्धतीही नव्याने शिकाव्या लागतात. टेक्सासमध्ये एकाच कामावर तपासणी आणि सफाई एकाच व्यक्तीला करता येत नाही. फ्लोरिडात, ज्या वास्तूचा अहवाल तपासनिसाने दिला, तिथली सफाई त्याला सर्वसाधारणपणे पुढचे 12 महिने करता येत नाही. हेतू एकच: डाग मोठा दाखवून स्वतःचे काम वाढवण्याचा मोह होऊ नये.

हे नियम घरमालकाच्या भल्याचे आहेत. म्हणून नवा परवाना हाती येईपर्यंत परवाना लागेल असे एकही काम घेऊ नये. अमेरिकेत घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांनीही तपासनिसाचा परवाना क्रमांक मागावा आणि तो त्याच राज्याच्या संकेतस्थळावर पडताळूनच काम सोपवावे.