आठच्या आकड्याला लटकलेला माणूस

रॅपलिंगला, म्हणजे दोराच्या आधाराने कडा उतरायला, पहिल्यांदाच आलेल्या माणसाची परीक्षा कड्याच्या पहिल्या दोन मीटरांतच होऊन जाते. पुढचा कडा तीस मीटरचा असो की शंभर, तो त्यामानाने सोपा. खंडाळ्याजवळच्या नागफणीवर हिवाळ्यात नवख्यांना उतरवणारे गट येतात, तिथे थोडा वेळ नुसतं उभं राहून बघा. हार्नेस कमरेला आवळलेला, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली, पाठ दरीकडे. प्रशिक्षक सांगत असतो, “ताई, मागे झुका. अजून मागे. दोरावर बसा बिनधास्त.” आणि ताई नेमक्या उलट्या, पुढे झुकून कड्याला बिलगतात. बूट सरकतात, गुडघा खडकावर आपटतो.

यात ताईंचा दोष नाही. खोलीची धास्ती आपल्यात फार लवकर येते. एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक या मानसशास्त्रज्ञांनी १९६० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. जाड काचेच्या टेबलावर रांगती बाळं ठेवली. अर्ध्या काचेला खालून चौकटींचं कापड चिकटवलेलं, उरलेल्या अर्ध्या काचेखाली तेच कापड थेट जमिनीवर. म्हणजे तिकडे दिसायला खड्डा, हाताला मात्र घट्ट काच. पलीकडून आई बोलावत असतानाही बहुतेक बाळं त्या खोल बाजूला गेली नाहीत. कड्याच्या काठावर प्रशिक्षक बिचारा याच जुन्या भीतीशी हुज्जत घालत असतो.

गंमत अशी की इथे भीतीचा सल्ला चुकीचा असतो. बूट खडकावर टिकतो तो खडकावर दाबला गेल्यामुळे. मागे झुकून पाय कड्याशी जवळपास काटकोनात ठेवले की वजनाचा काही भाग तळव्यांतून खडकात शिरतो आणि बूट पकड घेतो. कड्याला बिलगलं की तळव्यांवरचा दाब नाहीसा होतो, मग कितीही महागडा बूट असला तरी तो घसरणारच.

पण मला खरं नवल वाटतं ते कमरेशी लटकणाऱ्या धातूच्या तुकड्याचं. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दिसणारा, म्हणून नावही फिगर ऑफ एट. ना चाक, ना स्प्रिंग, ना हलणारा एकही भाग. दोर त्यातून वळसे घेत जातो, आणि साठ किलोची बाई मनगटाच्या जोरावर स्वतःला हवेत थांबवते. हे जमतं कसं?

याचं गणित अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलरने मांडलं. बंदरात खलाशी खुंटाला दोराचे दोन-तीन वेढे देऊन भलंमोठं जहाज एका हाताने रोखून धरतो, तेच हे गणित. घर्षण वेढ्यांनुसार बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतं. घर्षणांक ०.३ धरला, तर ६० किलोचा भार पेलायला एका पूर्ण वेढ्यानंतर साधारण ९ किलोचा जोर पुरतो. दोन वेढ्यांनंतर दीड किलोहूनही कमी. खुंट जाड आहे की बारीक, याने या हिशेबात काही फरक पडत नाही. फिगर ऑफ एटमधली वळणं इतकी सुबक मोजता येत नाहीत, पण तत्त्व हेच. म्हणून दोर धरलेला खालचा हात सुटता कामा नये. वरच्या हाताने दोर गच्च आवळून धरणाऱ्या नवख्याचे दंड उगाच भरून येतात, कारण ब्रेक त्या हातात नसतोच.

याच गणितातून आणखी एक मजा निघते. सुरुवातीला वाटतं, दोर अडकलाय, पुढे सरकतच नाही. अडकलेला नसतो. खाली लोंबणाऱ्या तीस मीटर दोराचं वजनच दोनेक किलो असतं, आणि तेवढं वजन ब्रेक लावायला पुरतं. त्यामुळे वरच्या टप्प्यात दोर हाताने उचलून आत सरकवावा लागतो. जसजसं खाली याल तसा लोंबता दोर कमी होतो आणि वेग आपोआप वाढू लागतो. पायथ्याशी दोर धरून उभा असलेला मदतनीसही हेच जाणतो. त्याने दोर नुसता ताणला, तरी वरचा माणूस जागच्या जागी थांबतो.

मग वजनाची ऊर्जा जाते कुठे? उष्णतेत. साठ किलोचा माणूस तीस मीटर उतरला की सुमारे १७,६०० ज्यूल उष्णता तयार होते. ती सगळी शंभर ग्रॅमच्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यात साठली, तर तो जवळपास दोनशे अंशांनी तापेल. प्रत्यक्षात बरीचशी दोरात आणि हवेत जाते. तरी भरभर उतरल्यावर त्या आठला उघडा हात लावून बघू नये. दोर नायलॉनचा असतो आणि नायलॉन २२० ते २६० अंशांच्या दरम्यान वितळतं. सिनेमातले कमांडो उड्या मारत उतरतात, ते बघायला ठीक. त्या उड्यांनी दोर तापतो, वर दोर जिथे बांधलेला असतो त्या अँकरला हिसके बसतात ते वेगळेच.

दोरावरून असं उतरणं आलं कुठून? आल्प्समधला गिर्यारोहक ज्याँ शार्ले १८७६ साली प्ती द्रू या सुळक्यावर एकटाच गेला होता. माथा हुकला, उतरणं भाग होतं, आणि त्याच धडपडीतून दुहेरी दोरावरून उतरून मग दोर खाली ओढून घेण्याची पद्धत आली असं मानतात. १८७९ मध्ये त्याने तो सुळका सर केला. पुढे हान्स ड्युल्फरच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत आली. मांडीखालून, छातीवरून, खांद्यावरून दोर घ्यायचा आणि घर्षण अंगावर झेलायचं. त्या काळच्या गिर्यारोहकांच्या खांद्यांचं काय होत असेल, याची कल्पना न केलेली बरी. आजचा गाभा-आवरणाचा नायलॉन दोर १९५३ नंतरचा.

आता पुन्हा नागफणीवर. निम्म्यावर आलात की जरा थांबा. मदतनीस धरून आहे. नाकासमोरचा काळा खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात बारीक भोकं दिसतील, काहींत पांढरे स्फटिक भरलेले. थंड होणाऱ्या लाव्ह्यातून वर निघालेले वायूचे बुडबुडे तिथेच थिजले आणि नंतर झिरपत्या पाण्याने त्यात खनिजं भरली. घाटातल्या गाडीतून हे दिसत नाही. पावसाळ्यात धबधब्यातून उतरण्याचं फॅड आहे, त्यात तर समोर पाण्याशिवाय काहीच दिसत नाही आणि प्रशिक्षकाचा आवाजही पोचत नाही. पहिली खेप कोरड्या कड्यावरच करावी.

पैसे भरण्याआधी एवढं मात्र स्वतः बघा. दोर आणि हार्नेस जोडणाऱ्या धातूच्या कडीवर, म्हणजे कॅराबिनरवर, ‘२२ केएन’सारखा आकडा कोरलेला असतो, म्हणजे लांबीच्या दिशेने तो सुमारे सव्वादोन टन भार झेलतो. पण तो आडवा फिरला की ताकद एक तृतीयांशावर येते, म्हणून तो सरळ बसलाय का आणि त्याचा स्क्रू बंद आहे का, ते आपल्या डोळ्यांनी तपासा. दोर कड्याच्या धारेवर घासतो तिथे खाली काही टाकलंय का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, उतरायचा एक दोर आणि दुसऱ्याच अँकरला बांधलेला सुरक्षेचा दुसरा दोर, असे दोन हवेत. एकच दिसला आणि विचारल्यावर “काही होत नाही हो” असं उत्तर आलं, तर हार्नेस काढा, भरलेले पैसे गेले तरी चालतील, आणि सरळ घरी या.