बोर्ड बदलण्याआधी

मराठीत 'झाळणे' असं एक जुनं क्रियापद आहे. गळक्या पिंपाला, फुटलेल्या तांब्याला कथील आणि शिसं वितळवून जोड द्यायचा, ते झाळणं. आज रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात त्यालाच सोल्डरिंग म्हणतात. शब्द बदलला, काम तेच राहिलं. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी पिढ्यान् पिढ्या नावाजलेल्या नाशिकला हे समजावून सांगायला नको. भांडं तापवायचं, त्यावर नवसागर टाकायचा आणि मग कथील फिरवायचं, ही कल्हईची रीत आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिली आहे. नवसागर धातूवरचा गंज खातो, म्हणून कथील भांड्याला धरतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या कामात नवसागराची जागा राळेने घेतली आहे, कारण नवसागर मागे राहिला तर बारीक तारा खाऊन टाकतो.

मी कला शाखेचा पदवीधर. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पन्नाशी उलटल्यावर हे काम शिकायला बसलो, त्याला कारण एकच वाक्य होतं, 'बोर्ड बदलावा लागेल.' घरचा टीव्ही बंद पडला तेव्हा एका सेवा केंद्राने हे ऐकवलं आणि जवळजवळ निम्म्या टीव्हीची किंमत सांगितली. भद्रकालीतल्या एका तरुण कारागिराने तोच बोर्ड उघडला, फुगलेला एक कंडेन्सर काढून नवा बसवला आणि टीव्ही सुरू झाला. तो भाग चहाच्या दोन कपांच्या भावात मिळतो. मी त्याला म्हटलं, "उस्ताद, मला शिकवाल?" तो माझ्या मुलाच्या वयाचा. हसून म्हणाला, "चाचा, बसा. पण आधी नुसतं बघायचं."

बघायचं काय? कोणतंही उपकरण उघडा, आत हिरवी किंवा तपकिरी पाटी दिसते. तिच्यावर रेझिस्टर, कंडेन्सर, डायोड, ट्रान्झिस्टर, आयसी असे शेकडो सुटे भाग झाळलेले असतात. सेवा केंद्र बहुधा अख्खी पाटी बदलतं, कारण त्यात वेळ वाचतो. सुट्या भागाची दुरुस्ती करणारा मात्र या शेकडोंपैकी रुसलेला एक शोधतो. एक शब्द अडला म्हणून आम्ही कवी सगळी कविता फाडत नाही, तसंच हे.

बिघाड बऱ्याचदा वीजपुरवठ्याच्या भागात असतो, कारण उष्णता तिथे जास्त. इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सरमध्ये एक द्रव असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो आटतो, कधी आत वायू होऊन डबीचं डोकं फुगतं. नवा घालताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच हवा, व्होल्टचा तोच किंवा थोडा वरचा चालतो. डबीवरचा पट्टा ऋण टोक दाखवतो. ते उलटं बसलं तर कंडेन्सर फुटू शकतो. दुसरा नेहमीचा बिघाड म्हणजे 'ड्राय सोल्डर'. जोड वरून शाबूत दिसतो, पण भिंगातून पाहिलं तर पायाभोवती केसासारखी गोल भेग असते. टीव्हीला थाप मारली की चित्र येतं, त्यामागे अनेकदा हीच भेग असते.

डोळ्यांनंतर नाक आणि मग मल्टिमीटर. जळका वास कुठून येतो ते आधी शोधायचं. मग मीटरचा बझर लावून फ्यूज शाबूत आहे का, तार कुठे तुटली, डायोड दोन्ही बाजूंनी वाहतो का, हे पाहायचं. चांगला डायोड एकाच बाजूने वाहतो. रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे म्हणजे आकडे असतात. काळा म्हणजे 0, मग तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा, करडा आणि पांढरा म्हणजे 9. तिसरा पट्टा पुढे किती शून्यं ते सांगतो. पिवळा, जांभळा, लाल म्हणजे 4 आणि 7 वर दोन शून्यं, म्हणजे 4700 ओहम.

आता प्रत्यक्ष झाळणं. कथील 232 अंशांना वितळतं आणि शिसं 327 अंशांना. पण 63 भाग कथील आणि 37 भाग शिसं एकत्र केलं, तर ते मिश्रण 183 अंशांनाच पातळ होतं. एकट्याने जो ताप लागतो, त्याहून कमी तापात दोघं मिळून विरघळतात. या एका गोष्टीवर हे सगळं काम उभं आहे. नवशिक्याला 25 वॉटची इस्त्री पुरते. दुरुस्तीवाले सोल्डरिंगच्या दांड्याला इस्त्रीच म्हणतात. तिच्या टोकाला आधी झाळ लावून चकचकीत ठेवायचं. ही टोकाची कल्हईच म्हणा ना. मग उस्तादाचा मंत्र, "चाचा, जोड तापवा, झाळ नव्हे." टोक भागाच्या पायाला आणि पाटीच्या तांब्याला एकाच वेळी टेकवायचं. दोन-तीन सेकंदांत दोन्ही तापले की झाळेची तार तिथे लावायची. ती आपोआप पसरते. चांगला जोड उतरत्या टेकडीसारखा दिसतो, वाईट जोड मण्यासारखा गोल राहतो. युरोपने 2006 पासून शिशावर बंधन आणल्यावर नव्या पाट्यांवरची झाळ बहुधा बिनशिशाची असते. ती 217 अंशांच्या आसपास वितळते. तसा भाग काढताना आधी थोडी शिसाळ झाळ मिसळली की काम सोपं होतं.

सावधगिरीचंही सांगायला हवं. घरातली 230 व्होल्टची वीज पाटीवर एकदिश होते, तेव्हा मोठ्या कंडेन्सरमध्ये सुमारे 325 व्होल्ट साठतात. प्लग काढल्यावरही ते काही काळ राहतात. म्हणून शिकाऊ माणसाने सेलवर चालणारा रेडिओ, टॉर्च, खेळणी यांच्यावरच हात बसवावा. मायक्रोवेव्ह ओव्हन उघडूच नये. खिडकी उघडी ठेवावी, राळेचा धूर छातीत घेऊ नये आणि काम झालं की जेवणाआधी साबणाने हात धुवावेत, कारण शिसं पोटात जातं ते बोटांवाटे.

गोदाकाठच्या माणसाला आणखी एक गोष्ट माहीत हवी. 2008 आणि 2016 च्या पुरात सराफ बाजार, भांडी बाजारात पाणी शिरलं होतं. पाण्यात बुडालेलं उपकरण चालतंय का हे पाहायला प्लग लावला, की वाचण्यासारखी पाटीही जळते. आधी सेल काढावेत, गाळ धुवावा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पाटी पुसून पूर्ण वाळू द्यावी आणि मगच वीज जोडावी.

हे सारं पैसे वाचवण्यापुरतं नाही. 2022 मध्ये जगात 6.2 कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा तयार झाला आणि त्याच्या चौथ्या हिश्श्याहून कमी कचऱ्यावर रीतसर प्रक्रिया झाल्याची नोंद आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' हे संकेतस्थळ सुरू केलं. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग ग्राहकाला मिळू द्यावेत, हा त्यामागचा विचार. पण हक्क वापरायला हातही लागतात. एम. जी. रोडवर सूक्ष्मदर्शकाखाली मोबाइलचे तिळाएवढे भाग झाळणारी पोरं अशा हातांची आहेत. त्यांतल्या अनेकांच्या गळ्यात पदवी नाही, विद्या मात्र आहे. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. दहावी झालेल्या मुलांच्या आईवडिलांनी तो कमीपणाचा मानू नये.

ज्यांना हौस म्हणून शिकायचं आहे, त्यांनी भंगारातून एक मेलेली पाटी आणावी. तिचे पन्नास भाग काढावेत आणि पन्नास परत झाळावेत. मेलेल्या पाटीचं आणखी काही बिघडत नाही. पन्नासावा जोड पहिल्याशेजारी ठेवून पाहा, हात किती शिकला ते तोच सांगेल. आणि पुढच्या वेळी कुणी 'बोर्ड बदलावा लागेल' म्हणालं, तर एवढंच विचारा, "त्यातला कोणता भाग गेलाय?"