"हाडं वाढतायत" म्हणण्याआधी

संधिवात हा म्हाताऱ्या माणसांचा आजार, असं आपल्याकडे ठाम मत आहे. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरच्या मुलांच्या रुग्णालयातल्या जॉर्ज स्टिल या डॉक्टरांनी सांधे सुजलेल्या २२ मुलांच्या नोंदी १८९७ मध्ये प्रसिद्ध केल्या, त्याला सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. तरी आजही घरातलं पहिलं वाक्य असतं, "एवढ्याशा पोरीला कसला आलाय संधिवात?" सोळाव्या वर्षाच्या आत सुरू झालेली, किमान सहा आठवडे टिकलेली आणि दुसरं कारण न सापडलेली सांध्याची सूज म्हणजे बालसंधिवात. डॉक्टर त्याला जेआयए म्हणतात.

दुखणाऱ्या प्रत्येक गुडघ्यामागे तो असतो असं मात्र नाही. बहुतेक वेळा नसतोच. पुन्हापुन्हा दुखणाऱ्या सांध्यापायी आईवडील थकून जातात, कारण शक्यता ढीगभर असतात आणि एका रक्ततपासणीत उत्तर मिळेल अशी आशा प्रत्येकाला असते. उत्तराचा मोठा भाग बहुधा दुखण्याच्या वेळेत, जागेत आणि मुलाच्या चालण्यात असतो, आणि तो घरच्यांनीच पाहिलेला असतो.

"वाढीचं दुखणं आहे, जाईल आपोआप"

हे अर्धं खरं आहे. साधारण तीन ते बारा वर्षांच्या कितीतरी मुलांच्या पोटऱ्या, नडग्या, मांड्या संध्याकाळी किंवा रात्री दुखतात. मूल रडत उठतं, आई पाय चेपून देते, आणि सकाळी तेच मूल जिन्यावरून उड्या मारत खाली जातं. दुखणं दोन्ही पायांत असतं, सांध्यात नसतं; सूज नसते, लंगडणं नसतं. याला घाबरायचं कारण नाही. हाडं वाढल्यामुळे ते होतं, हे मात्र सिद्ध झालेलं नाही. मूल सर्वांत झपाट्याने वाढतं ते पहिल्या वर्षात आणि वयात येताना. हे दुखणं येतं मधल्या संथ वर्षांत.

बालसंधिवाताची तऱ्हा उलटी. त्याचा जोर सकाळी. मूल आखडलेलं उठतं, वाकून, पाय फाकवून चालतं आणि दहा-अकरा वाजेपर्यंत मोकळं होऊन खेळायला लागतं. मग घरच्यांना वाटतं, शाळा बुडवायचं नाटक होतं. चार वर्षांचं मूल "सांधा जखडलाय" असं सांगत नाही. ते कडेवर घ्यायला लावतं, मांडी घालून बसायला कुरकुर करतं, जिना चढताना एकच पाय पुढे टाकतं. काही मुलं तर दुखतंय असं म्हणतच नाहीत, नुसती लंगडतात. चालणारं मूल लंगडू लागलं आणि ते आठवड्याभरात थांबलं नाही, तर ते वाढीच्या नावावर खपवू नये.

तिसरी तऱ्हा सर्वांत महत्त्वाची. एकाच ठिकाणी खोल दुखणं, झोपेतून उठवणारं, चेपून न थांबणारं, आणि सोबत ताप, फिकेपणा किंवा उतरलेलं वजन. रक्ताचा कर्करोग, म्हणजे ल्युकेमिया, काही मुलांत अशा हाडादुखीने सुरू होतो, आणि सुरुवातीला रक्तपेशींची मोजणी जवळपास ठीकही दिसू शकते. म्हणूनच निदान होण्याआधी "बघू तरी" म्हणून दिलेलं स्टेरॉइड घातक ठरतं. त्याने दुखणं ओसरतं, मूल हसायला लागतं, पण ल्युकेमियाच्या खुणाही पुसल्या जातात आणि निदान लांबतं. कोणी नाव न लिहिलेल्या पुडीतल्या गोळ्या देऊन दोन दिवसांत चमत्कार दाखवला, तर त्या गोळ्यांत काय आहे हे विचारलंच पाहिजे.

आणि एक सांधा अचानक गरम होऊन सुजला, ताप भरला, मूल हात लावू देत नाही, असं झालं तर सांध्यात पू होण्याची शक्यता असते. तिथे उद्यावर ढकलायचं नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

"आरए फॅक्टर निगेटिव्ह, म्हणजे संधिवात नाही"

मोठ्यांच्या संधिवातावरून मुलांचा ठरवण्यातून हा घोळ होतो. बालसंधिवात असलेल्या मुलांपैकी साधारण वीसात एकाचीच आरए फॅक्टर ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह येते. सुजेचे निर्देशक म्हणून तपासले जाणारे ईएसआर आणि सीआरपीही, एकच गुडघा सुजला असेल तर, नॉर्मल येऊ शकतात. याउलट एएनए ही तपासणी अगदी ठणठणीत मुलांमध्येही कधीकधी पॉझिटिव्ह येते. म्हणजे रिपोर्ट चांगला आला म्हणून आजार नाही असं नाही, आणि वाईट आला म्हणून आहे असंही नाही. निदान होतं ते सगळे सांधे हाताने तपासून, वाकवून, दोन्ही बाजू ताडून पाहून. पॅकेजमधल्या चाळीस तपासण्यांपेक्षा अशी वीस मिनिटं जास्त सांगून जातात. युरिक अॅसिड तर मुलांत उगाचच तपासलं जातं. गाऊट हा लहान मुलांचा आजार जवळजवळ नाहीच.

तपासणी दुखतंय त्याच जागेची करूनही भागत नाही. खुब्याचं दुखणं मुलांना गुडघ्यात जाणवतं. पर्थीस या आजारात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी पडतो. तो साधारण चार ते आठ वर्षांच्या मुलांना, मुलींपेक्षा मुलग्यांना जास्त होतो. अशा मुलाच्या गुडघ्याचा एक्स-रे अगदी स्वच्छ येतो आणि खरा बिघाड वीतभर वर राहून जातो.

"एएसओ वाढलाय, इंजेक्शनं सुरू करा"

आपल्याकडचा हा सर्वांत चिवट गैरसमज, आणि तो केवळ पालकांचा नाही. एएसओ टायटर एवढंच सांगतो की मुलाच्या घशात अलीकडे स्ट्रेप्टोकॉकस हा जंतू येऊन गेला. शाळकरी मुलांत ही गोष्ट इतकी साधी आहे की त्यांचं नॉर्मल प्रमाणच मोठ्यांपेक्षा जास्त असतं, आणि वाढलेला आकडा महिनोन् महिने उतरत नाही. फक्त आकडा आणि "पाय दुखतात" एवढ्यावर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं ठणकणारं इंजेक्शन घेत वर्षं काढणारी मुलं आहेत.

संधिवाताचा ताप, म्हणजे ऱ्हुमॅटिक फिव्हर, खोटा आहे असा याचा अर्थ नाही. तो खरा आहे, भारतात अजूनही आहे आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब करतो. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघा सुजतो, तो उतरतो तोवर घोटा, मग मनगट. दुखणं असं फिरतं. ते अॅस्पिरिन गटातल्या औषधाने झटकन थांबतं आणि सांधे पूर्ववत होतात. त्याचं निदान १९४४ साली ठरलेल्या आणि २०१५ मध्ये सुधारलेल्या जोन्स निकषांवर करतात, आणि त्यात हृदयाची टू-डी इको आवश्यक असते. निदान पक्कं झालं, तर तीच इंजेक्शनं अनेक वर्षं एकदाही न चुकवता घ्यावी लागतात. ज्यांना नकोत ती मुलं टोचून घेतात आणि ज्यांना हवीत त्यांची "आता बरं वाटतंय" म्हणून बंद होतात, अशी ही उलटी गंमत.

विदर्भात आणि सातपुड्यात आधी विचारायचा प्रश्न

गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, मेळघाट, नंदुरबार. या भागात मूळ असलेल्या कुटुंबातलं मूल वारंवार हातपाय, पाठ, सांधे दुखून विव्हळत असेल तर सिकलसेलची तपासणी सर्वांत आधी. नागपुरातल्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद १९५८ मध्येच केली होती, तरी पुण्या-मुंबईत वाढणाऱ्या अशा मुलाला आजही कधीकधी "वाताची गोळी" मिळते. या आजारात तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पलीकडच्या हाडाला रक्त मिळत नाही. तान्ह्या वयात दोन्ही हातापायांचे पंजे सुजतात. पुढे थंडी, ताप, पाणी कमी पडणं, अतिश्रम अशा निमित्ताने कळांचे झटके येतात. सोल्युबिलिटी टेस्ट हा चाळणीचा पहिला टप्पा. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने नक्की कळतं की मूल नुसतं वाहक आहे की रुग्ण. वाहकाला एरवी अशा कळा येत नाहीत. जुलै २०२३ मध्ये केंद्राने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, आणि झटके कमी करणारं हायड्रॉक्सियुरिया हे औषधही आहे.

मुलग्याचा गुडघा किरकोळ मार लागूनही पुन्हापुन्हा टम्म फुगत असेल, तर मात्र हिमोफिलियाचा विचार करायचा. तिथे सूज रक्ताची असते, आणि चोळणं, अॅस्पिरिन किंवा मांडीतलं इंजेक्शन, तिन्ही नुकसान करतात.

आंबट, वातूळ आणि बिब्बा

दही, चिंच, टोमॅटो बंद केल्याने सांध्याची सूज उतरते याला आधार नाही. वांगं-बटाट्याचंही तेच. आजारी मुलाची भूक आधीच मेलेली असते. त्यात पथ्याची यादी वाढवून त्याचं वजन आणखी घटवण्यात काय मिळवायचं? तेलाने हलकं चोळायला हरकत नाही, पण सुजलेला सांधा रगडू नये. बिब्बा तर लावूच नये, त्याच्या रसाने कातडी भाजते आणि फोड येतात. कॅल्शियमच्या गोळ्याही आंधळेपणाने नकोत. ड जीवनसत्त्व कमी असेल तर हाडं दुखतात हे खरं, पण सांधा सुजण्याचं कारण ते नव्हे.

"ते कॅन्सरचं औषध आहे"

बालसंधिवाताचं निदान झालं की मेथोट्रेक्सेटचं नाव येतं आणि कोणीतरी ते मोबाइलवर शोधतं. कर्करोगात ते वापरतात हे खरं, पण इथला डोस त्या मानाने खूपच कमी असतो आणि तो आठवड्यातून एकदाच घ्यायचा असतो. रोज घेतलं गेलं तर मात्र जीवावर बेतू शकतं, म्हणून वार ठरवून कॅलेंडरवर खूण करतात. सोबत फॉलिक अॅसिड आणि ठरावीक काळाने रक्ततपासणी. जिवंत जंतूंच्या लसी द्यायच्या की नाही हे आधी डॉक्टरांना विचारायचं. एवढ्याने भागलं नाही तर जैविक औषधं आहेत. त्यांपैकी एटॅनरसेप्ट मुलांसाठी अमेरिकेत १९९९ मध्ये मान्य झालं.

सांधा शांत झाला तरी एक तपासणी थांबवता येत नाही. बालसंधिवाताच्या काही मुलांच्या, विशेषतः लहान वयात एक-दोन सांधे सुजलेल्या आणि एएनए पॉझिटिव्ह असलेल्या मुलींच्या डोळ्यांत आतून सूज येते. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, मूल तक्रार करत नाही, आणि दृष्टी हळूहळू जाते. नेत्रतज्ज्ञाच्या स्लिट लॅम्पखालीच ती दिसते. धोका जास्त असेल तर पहिली काही वर्षं दर तीन महिन्यांनी ही तपासणी करावी लागते, गुडघ्याची सूज पूर्ण उतरलेली असली तरीही.