स्तनकर्कातील सोडियमद्वारे व पेशींचे स्थलांतर

स्तनातील गाठ काढली जात असतानाच काही कर्कपेशी सुटून दूरच्या अवयवांकडे जाण्याचा संभव असतो. अनेक स्तनकर्कपेशींच्या पटलात विद्युत्-दाबाने उघडणारी सोडियमद्वारे आढळतात. त्यांतून आत शिरणारा सोडियम पेशींची आक्रमकता वाढवितो. लिग्नोकेन हे स्वस्त व नित्याचे बधिरक नेमकी हीच द्वारे रोधते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने १,५८३ स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेपूर्वी सात ते दहा मिनिटे ज्यांच्या गाठीभोवती ते टोचले, त्यांचे पाच वर्षांचे जीवितप्रमाण ९०.१ टक्के होते, इतरांचे ८६.४. हा लाभ सोडियमद्वारे रोधल्यामुळेच झाला, हे मात्र केवळ या आकड्यांवरून ठरत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष पेशीच तपासावयास हव्यात.