वस्तरा शिकताना

पुण्यातल्या केशकर्तनालयात दाढीला बसलात की कारागीर नवे ब्लेड कागदातून काढतो, मधोमध मोडतो आणि अर्धे पाते वस्तऱ्याच्या खाचेत सरकवतो. एड्सची धास्ती पसरल्यावर ही पद्धत रुळली आणि ती योग्यच आहे. पण तिच्यामुळे दुकानातून धार लावण्याची विद्या गेली. घरी अखंड पात्याचा वस्तरा हौसेने शिकू पाहणाऱ्याला सुरुवात नेमकी तिथूनच करावी लागते.

धारेच्या दगडावर पाते धारेच्या दिशेने पुढे ढकलायचे. चामड्याच्या पट्ट्यावर बरोबर उलटे: पाठ पुढे, धार मागून. टोकाला पोचल्यावर वस्तरा उचलायचा नाही, पाठीवरच कूस बदलायची. धारेवर वळवला तर पट्टा चिरतो आणि धारही जाते. पट्टा ढिला सोडला की तो धारेभोवती वळतो आणि ती बोथट होते. दगड क्वचित लागतो. पट्टा मात्र प्रत्येक दाढीआधी. पावसाळ्यात काम झाल्यावर पाते कोरडे पुसून तेलाचा हात फिरवला नाही, तर पोलादावर तांबेरा चढलाच.

मग हात. पाते गालाशी साधारण तीस अंशांत धरायचे. अगदी आडवे टेकवले तर केस ओढले जातात, उभे धरले तर कातडी कापते. दुसऱ्या हाताने कातडी ताणलेली हवी. वस्तरा फक्त धारेच्या काटकोनात सरकला पाहिजे, आडवा घसरला की रक्त आलेच. नवख्याने आधी फुग्यावर फेस लावून हात बसवावा. नंतर फक्त गाल, तेही सुलट्या हाताने. हनुवटी, ओठावरची जागा आणि गळा नेहमीच्या रेझरवर सोपवावा. उलटी दाढी तर फारच पुढची गोष्ट. घाई असेल त्या सकाळी वस्तरा उघडूच नये.

एवढी काळजी ज्या कामाला लागते, ते करणाऱ्याला आपण कसे वागवले? गावगाड्यात न्हावी बारा बलुतेदारांतला एक. काखेला धोकटी, तीत वस्तरा, कात्री, नराणी, वाटी, आरसा, मोबदला धान्यात. शहरात दुकाने आली, रोख पैसा आला, तरी हात बापाकडून पोराकडेच येत राहिला. या कामाला हलके लेखणाऱ्याने एकदा स्वतःच्या गळ्यावर उघडा वस्तरा फिरवून पाहावा.

आणि याच हाताने एक मोठा नकारही दिला आहे. विधवा झालेल्या कोवळ्या मुलींचे केशवपन वस्तऱ्यानेच होई. पुण्यात जोतीराव फुले या रूढीविरुद्ध उभे राहिले. त्यांच्या सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० मध्ये मुंबईत नाभिकांची सभा भरवली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असे तिथे ठरले. हातावर पोट असलेल्या माणसांनी हे ठरवले, याचे मोल फार आहे. मोठमोठे विद्वान तेव्हा शास्त्राधार शोधत बसले होते. वपन झालेल्या गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या आणि १८९३ मध्ये पुण्यात धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. समाजसुधारणेच्या इतिहासात कर्व्यांचे नाव आपण घेतो, ते घ्यावेच. त्या सभेतल्या कारागिरांची नावे मात्र कुणी पाठ करून घेतली नाहीत.

आज वस्तरा शिकायला व्हिडिओ भरपूर मिळतात. पण कातडी किती ताणायची, दाब किती कमी असतो, हे पाहून पुरते कळत नाही. ते गालावर अनुभवावे लागते. शिकायचेच असेल तर आपल्या पेठेतल्या एखाद्या वयस्कर कारागिराला दुपारच्या निवांत वेळी गाठा, कोन आणि ताण दाखवायला सांगा आणि त्या तासाचे पैसे दाढीच्या दराने नव्हे, शिकवणीच्या दराने द्या.