राज्याचा धर्म आणि अल्पसंख्याकांचे हक्क

एखाद्या राष्ट्राने अधिकृत धर्म घोषित केला म्हणजे तेथील अल्पसंख्याकांचे हक्क संपलेच, असे नाही. इंग्लंड व डेन्मार्क येथे राज्यमान्य चर्च आहे. तरीही अन्यधर्मीयांना उपासनेची मोकळीक आहे. द्वितीय व्हॅटिकन महासभेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्यविषयक घोषणापत्रात कसोटी सांगितली ती अशी : राज्याने एका धर्माला विशेष स्थान दिले, तरी सर्व नागरिकांचे धर्मस्वातंत्र्य मान्य केले पाहिजे.

ही कसोटी कॅथलिक राष्ट्रांनाही लागू होती. स्पेनमध्ये प्रॉटेस्टंटांच्या सार्वजनिक उपासनेवर निर्बंध होते; महासभेनंतर, १९६७ साली, तेथे धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला.

आता पाकिस्तान पाहू. १९४८ पर्यंत कराची हा मुंबई महाधर्मप्रांताचाच भाग होता. तेथील ख्रिस्ती बांधव आपल्याला परके नाहीत. १९७३ च्या संविधानाने इस्लामला राज्यधर्म ठरविले आणि विसाव्या कलमाने धर्मपालनाचा हक्कही सर्वांना दिला. मात्र राष्ट्राध्यक्ष व पंतप्रधान ही पदे मुस्लिमांसाठीच राखीव आहेत. १९८५ च्या निवडणुकीपासून २००२ पर्यंत राष्ट्रीय संसदेसाठी ख्रिस्ती मतदाराला केवळ ख्रिस्ती उमेदवारालाच मत देता येई. साहजिकच त्याच्या भागातील मुस्लिम प्रतिनिधीला त्याच्या मताची गरज उरली नाही.

याहून घातक ठरले ते १९८६ चे २९५-सी हे ईशनिंदाविरोधी कलम. त्यात देहदंडाची तरतूद आहे. शेतमजूर आसिया बीबी यांना २००९ साली पाण्यावरून झालेल्या वादानंतर अटक झाली व २०१० मध्ये फाशीची शिक्षा सुनावली गेली. त्यांची बाजू घेणारे पंजाबचे मुस्लिम राज्यपाल सलमान तासीर यांची ४ जानेवारी २०११ रोजी, तर या कायद्यात बदल मागणारे कॅथलिक मंत्री शाहबाज भट्टी यांची २ मार्च २०११ रोजी हत्या झाली. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आसिया बीबींना निर्दोष मुक्त केले. तोवर आठ वर्षे त्या फाशीच्या छायेत होत्या.

संविधानातील आश्वासन खरे ठरते ते पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात. जमावाच्या भीतीपुढे शासन झुकले, तर अल्पसंख्याकांच्या हाती केवळ कागद उरतो. तरीही त्याच देशात एका मुस्लिम राज्यपालांनी ख्रिस्ती स्त्रीसाठी प्राण वेचले आणि मुस्लिम न्यायाधीशांनी तिला न्याय दिला, हेही आपण विसरू नये. आपल्या प्रार्थनेत तेथील पीडित बांधवांबरोबर अशा धैर्यवान माणसांचेही स्मरण असावे.